अंधार केला तरी एलईडी लागत नाही (एलडीआर + बीसी ५४७) – कुठे तपासू?

काजवा

अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा, विज्ञान प्रदर्शनात दर वर्षी दिसतो तोच. एलडीआर म्हणजे उजेडात रोध कमी होणारा रेझिस्टर, बीसी ५४७ म्हणजे ट्रान्झिस्टर (तीन पाय: कलेक्टर, बेस, एमिटर). ८३० छिद्रांच्या ब्रेडबोर्डवर जोडला आहे. फोटो चढत नाहीये, म्हणून जोडणी शब्दांत देतो.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, क्लिपची लाल तार लाल रेलला (बोर्डाच्या कडेची छिद्रांची लांब ओळ), काळी निळ्या रेलला.
लाल रेल ते बेस: १०० के (के म्हणजे हजार ओहम).
बेस ते निळी रेल: एलडीआर.
लाल रेलपासून ४७० ओहम, त्याला ५ मिमीच्या लाल एलईडीचा लांब पाय, आखूड पाय कलेक्टरला.
एमिटर निळ्या रेलला.

एलडीआर बोटाने झाकला, खोलीतला दिवाही बंद केला, तरी एलईडी ढिम्म. तीन एलईडी आणि दोन ट्रान्झिस्टर बदलून झाले. कलेक्टर आणि एमिटर तारेने थेट जोडले, तरी लागत नाही. पिवळा मीटर आहे (डीटी ८३० वाला).

---

पक्कड

कलेक्टर-एमिटर जोडूनही लागत नाही म्हणजे ट्रान्झिस्टर चित्रातच नाही. ४७० ओहम किंवा एलईडी, दोघांपैकी एक. एलईडी उलटा असणार. पाय कापलेले असतील तर लांब-आखूड बघून उपयोग नाही. कडेला खालच्या गोल पट्टीचा एक भाग सपाट असतो, तो कॅथोड. आत डोकावलात तर मोठा, वाटीसारखा तुकडा बहुतेक एलईडीत कॅथोडचाच असतो.

ट्रान्झिस्टरचंही बघून घ्या. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ चं बरोबर उलटं, एमिटर-बेस-कलेक्टर. परदेशी व्हिडिओ बघून जोडणारे इथेच फसतात. आणि डबीवर नव्हे, अंगावर काय छापलंय ते भिंगाने वाचा. ५४७ च्या खणात ५५७ निघणं नवीन नाही, आणि तो पीएनपी असतो, म्हणजे उलट ध्रुवांचा.

---

चौथी पट्टी

रेझिस्टरचे रंगही सांगा. ४७० ओहम = पिवळा-जांभळा-तपकिरी. तिसरी पट्टी नारिंगी असेल तर ते ४७ के, पिवळी असेल तर ४७० के. ट्यूबच्या उजेडात तपकिरी आणि नारिंगी सारखेच दिसतात. निळ्या अंगाचा मेटल फिल्म असेल तर पाच पट्ट्या: पिवळा-जांभळा-काळा-काळा आणि शेवटी टॉलरन्सची. तो चार पट्ट्यांसारखा वाचला की सगळं गणित कोलमडतं. मुळात रंग वाचण्यापेक्षा मीटरच्या २००० ओहमच्या रेंजवर मोजणं बरं, पण बोर्डावरून काढून.

४७ के लागला असेल तर एलईडीतून (९ − २) ÷ ४७००० म्हणजे जेमतेम ०.१५ मिलिअँपिअर जाईल. भर दुपारी तो बंदच वाटेल.

---

ओहम शांती

सुटे भाग बदलणं आधी थांबवा. तीन एलईडी आणि दोन ट्रान्झिस्टर एकाच वेळी खराब निघत नाहीत. इतकं बदलूनही दोष जागेवरच आहे, म्हणजे दोष भागांत नाही, जोडणीत आहे.

पक्कड, ट्रान्झिस्टर उलटा असता तर एलईडी पूर्ण मेला नसता. कलेक्टर-एमिटर अदलाबदल झाली तरी बीसी ५४७ थोडंफार काम करतो. फक्त त्याची दोनशे-तीनशेची वाढ (बेसच्या प्रवाहाच्या किती पट कलेक्टरमधून वाहतो ती) घसरून एक आकडी होते. बेसमधून ८० मायक्रोअँपिअर जात असतील तर एलईडीला अर्धा मिलिअँपिअर मिळून तो मिणमिणता दिसला असता.

काजवा, मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब क्लिपच्या काळ्या तारेच्या उघड्या टोकाला धरा. रेलला नाही, त्या तारेलाच, आणि तो तिथून हलवायचा नाही. लाल प्रोब पाच ठिकाणी फिरवा: क्लिपची लाल तार, एलईडीचा लांब पाय, कलेक्टर, बेस, एमिटर. प्रोब ब्रेडबोर्डच्या छिद्रात खुपसू नका, भागाच्या पायालाच टेकवा. छिद्रातली पत्ती आणि पाय यांचा संपर्क नसेल तर तेही याच मोजणीत उघडं पडेल.

जोडणी ठीक असेल तर अंधारात काय दिसायला हवं:
बॅटरी ८.५ च्या वर, एलईडीचा लांब पाय साधारण २, कलेक्टर ०.१ ते ०.२, बेस ०.७, एमिटर ०.००.

उजेडात: बेस ०.५ च्या खाली, कलेक्टर ७ च्या आसपास, एमिटर ०.००.

हे आकडे शेजारी ठेवून तुमचे लिहा. झाकून एकदा, उघडा ठेवून एकदा.

---

काजवा

रंग पिवळा-जांभळा-तपकिरी आहेत, मीटर ४६६ दाखवतो. डायोडच्या खुणेवर एलईडी लागतो. ट्रान्झिस्टरवर बीसी ५४७ बी असंच छापलंय.

उजेडात: बॅटरी ८.९, लांब पाय ८.९, कलेक्टर ७.२, बेस ०.६, एमिटर ०.१.
झाकून: बॅटरी ८.९, लांब पाय ८.९, कलेक्टर ७.२, बेस ५.०, एमिटर ४.८.

एक विचित्र गोष्ट. खोली पूर्ण अंधारी करून लाल प्रोब एमिटरला टेकवला की एलईडी अगदी टाचणीच्या टोकाएवढा मिणमिणतो. प्रोब उचलला की जातो. मीटरमधून वीज येते का?

---

ओहम शांती

सापडलं. एमिटर निगेटिव्हला जोडलेलाच नाही.

बेस-एमिटर सांधा म्हणजे डायोडच. एमिटर ० व्होल्टला घट्ट बांधलेला असेल तर १०० के मधून येणारा प्रवाह बेसला ०.७ च्या वर जाऊच देत नाही, जादा सगळा एमिटरमधून वाहून जातो. तुमचा बेस ५ वर आहे. म्हणजे १०० के आणि एलडीआर यांची साधी विभागणी चालू आहे, ट्रान्झिस्टर तिथे नसल्यासारखा. झाकलेला एलडीआर दीड लाख ओहमच्या आसपास धरला तर हिशोब ५ च्या जवळपास येतो. आणि एमिटर बेसच्या मागोमाग वर चढतोय. टांगलेला एमिटर असाच वागतो. एवढा एक ४.८ चा आकडा दिला असता तरी पुरलं असतं.

मिणमिणण्याचं कारण: मीटरमधून वीज येत नाही, मीटरमधून जाते. डीटी ८३० चा व्होल्टेज मोजतानाचा आतला रोध १ मेगओहम (दहा लाख ओहम) असतो. प्रोब एमिटरला लावलात की एमिटरला निगेटिव्हकडे जायला तेवढीच एक वाट मिळते आणि पाचेक मायक्रोअँपिअर वाहू लागतात. हल्लीचे पारदर्शक काचेचे लाल एलईडी तेवढ्यावरही अंधारात दिसतात. थोडक्यात, तुमचं सर्किट त्या क्षणी चालत होतं, फक्त मीटरमधून.

कलेक्टर-एमिटर जोडून का लागला नाही, तेही यातच आलं. दोन टांगलेली टोकं एकमेकांना बांधलीत, निगेटिव्हपर्यंत पोचलंच काही नाही. तीच तार कलेक्टरवरून थेट क्लिपच्या काळ्या टोकाला लावा, लागेल.

आता ब्रेडबोर्डची निळी रेघ बघा. ८३० छिद्रांच्या बऱ्याच बोर्डांवर ती मधोमध, तिसाव्या-बत्तिसाव्या ओळीच्या आसपास तुटलेली छापलेली असते. रेघ तुटली की आतली पत्तीही तुटलेली. डावा अर्धा आणि उजवा अर्धा वेगळे. ४०० छिद्रांच्या छोट्या बोर्डात हा प्रकार नसतो, म्हणून छोट्यावरून मोठ्यावर आलेला माणूस हमखास इथे अडकतो.

---

काजवा

हेच होतं. बॅटरी, दोन्ही रेझिस्टर आणि एलडीआर सगळे डाव्या अर्ध्यात, एमिटरची तार तेवढी लांब निघाली म्हणून ४० व्या ओळीपाशी खोचली होती. निळ्या रेलच्या दोन अर्ध्यांत मीटरची कंटिन्यूटी (जोड अखंड असेल तर बीप) लावली, बीप नाही. आखूड तारेने दोन्ही जोडले, लागला!

लाल रेलही तशीच तुटकी आहे, तिथेही तार टाकली. एमिटर आता ०.००, बेस ०.७१, कलेक्टर ०.१.

पण दुसरी अडचण. दिवसा खिडकीजवळ ठीक आहे, रात्री ट्यूबलाइटखाली मात्र पूर्ण विझत नाही, अर्धवट पेटून राहतो. आणि पूर्ण अंधारात कधी लख्ख, कधी मंद.

---

पक्कड

ओहम शांती, मान्य. मी रेलचा विचारच केला नाही.

---

चौथी पट्टी

अर्धवट पेटण्याचं कारण तुमच्या पहिल्या आकड्यातच आहे: उजेडात बेस ०.६. बीसी ५४७ ०.५ च्या खाली बंद, ०.७ ला पूर्ण चालू, मधे अर्धवट. तुम्ही बरोबर मधोमध उभे आहात.

बाजारातला ५ मिमीचा एलडीआर (जीएल ५५२८ वगैरे) १० लक्सला ८ ते २० के असतो, पूर्ण अंधारात १ मेगच्या वर. एकाच पुडीतले दोन एलडीआरसुद्धा दुप्पट फरकाने निघतात, त्यामुळे पुस्तकातली किंमत जशीच्या तशी चालेल असं धरू नका. आधी आपला एलडीआर ज्या उजेडात दिवा बंद हवा त्या उजेडात मोजायचा, मग वरचा रेझिस्टर ठरवायचा.

समजा ट्यूबखाली तुमचा १५ के भरला. बेस ०.५ ला ठेवायचा तर वरचा रेझिस्टर १५ × (८.९ − ०.५) ÷ ०.५ = २५२ के. म्हणजे २७० के लावायला हवा. पण मग अंधारात बेसला फक्त ३० मायक्रोअँपिअर मिळतील, वाढ २५० धरली तरी एलईडीला साडेसात मिलिअँपिअर. लागेल, पण १०० के वर जेवढा लखलखत होता तेवढा नाही.

यापेक्षा दोन बीसी ५४७ ची डार्लिंग्टन जोडी करा. पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला, दोघांचे कलेक्टर एकत्र, दुसऱ्याचा एमिटर निगेटिव्हला. आता बेसला ०.७ ऐवजी १.३ च्या आसपास लागतात, आणि बेस १.१ च्या खाली असला की दिवा बंद. वरचा रेझिस्टर १५ × (८.९ − १.१) ÷ १.१ = १०६ के, म्हणजे तुमचा १०० के जवळपास आहे तसा चालतो. कलेक्टर ०.१ ऐवजी ०.७-०.८ वर थांबेल, ते बघून घाबरू नका, डार्लिंग्टनचा स्वभावच तो.

हवा तसा लावता यावा म्हणून १०० के च्या जागी ४७० के चा प्रीसेट (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर) घ्या, पण त्याच्याशी सिरीजमध्ये २२ के असू द्या. नाहीतर प्रीसेट शेवटापर्यंत फिरवला की ९ व्होल्ट सरळ बेसवर आणि ट्रान्झिस्टर संपला.

---

ओहम शांती

कधी लख्ख, कधी मंद, ते वेगळं प्रकरण आहे. एलईडी एलडीआरला दिसतोय. एलईडी लागला की त्याचा उजेड एलडीआरवर पडतो, एलडीआरचा रोध उतरतो, बेस खाली येतो, एलईडी मंदावतो, परत एलडीआर वर चढतो. दोघं कुठेतरी मधेच तडजोड करून बसतात. बोर्ड हलवला की तडजोडीची जागा बदलते.

एलडीआरवर काळी श्रिंक ट्यूब दोन सेंटिमीटर उभी चढवा आणि तोंड एलईडीकडे नको. काळ्या पेनाचं टोपण कापूनही चालतं. पांढऱ्या स्ट्रॉचा उपयोग नाही, ती स्वतःच उजळते. आणि झाकून तपासताना बोट वापरू नका, बोटातून लाल उजेड झिरपतो आणि एलडीआरच्या पाठीमागूनही थोडा येतो. टोपण घालूनच तपासा. पूर्ण अंधारातला रोध वर चढायला काही सेकंद घेतो, तेवढं थांबा.

---

शेवटची तार

मीटरबद्दल दोन ओळी, कारण हा पिवळा मीटर घरोघरी आहे.

बॅटरी "किती अँपिअरची आहे" हे बघायला मीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावू नका. ते शॉर्ट सर्किट आहे. मिलिअँपिअरची रेंज असेल तर आतला फ्यूज जातो आणि पुढे महिनाभर प्रत्येक सर्किटमध्ये शून्य प्रवाह दिसत राहतो. १० अँपिअरच्या भोकाला तर फ्यूजही नसतो.

मीटरची स्वतःची बॅटरी उतरली की व्होल्टेज जास्त दिसतं. नवी ९ व्होल्टची बॅटरी ११ दाखवायला लागली तर बॅटरी भारी नाही, मीटर उपाशी आहे.

डायोडच्या खुणेवर लाल एलईडी लागतो, पण पांढरा किंवा निळा बहुतेक वेळा लागत नाही. त्यांना ३ व्होल्ट लागतात आणि मीटरकडे तेवढे नसतात. म्हणून तो खराब ठरवून फेकू नका. ४७० ओहम सिरीजमध्ये घालून बॅटरीला लावून बघा.

आणि बॅटरी नुसती मोजू नका, भारावर मोजा. स्वस्तातली झिंक-कार्बन बॅटरी रिकामी मोजली तर ८.५ दाखवेल, ४७० ओहम जोडला (चांगल्या बॅटरीतून साधारण १९ मिलिअँपिअर) की ६ वर कोसळेल. ७ च्या खाली गेली की बदला.

---

टेस्ट लॅम्प

शाळेत एलईडी नको, "खरा बल्ब" हवा असं सांगितलंय. याच सर्किटमध्ये एलईडी आणि ४७० काढून टॉर्चचा २.५ व्होल्ट ०.३ अँपिअरचा बल्ब लावला तर?

---

ओहम शांती

लागणार नाही, आणि ट्रान्झिस्टर जाण्याची शक्यता जास्त. बीसी ५४७ ची मर्यादा १०० मिलिअँपिअर, तुमचा बल्ब मागतो ३००. त्यात फिलामेंट थंड असताना त्याचा रोध गरम रोधाच्या साधारण दहावा हिस्सा असतो, म्हणजे पेटण्याच्या क्षणी मागणी कितीतरी जास्त. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी इतका प्रवाह देताना मान टाकते. बॅटरीवर ९ लिहिलंय म्हणून ती चार पेन्सिल सेलपेक्षा ताकदवान आहे असं नाही, उलट आहे.

हे करा: चार एए सेल (६ व्होल्ट), चार सेलच्या टॉर्चचा ४.८ व्होल्टचा बल्ब, आणि चौथी पट्टी यांनी सांगितलेल्या डार्लिंग्टनमध्ये दुसरा ट्रान्झिस्टर बीडी १३९. पहिला बीसी ५४७ च. बीडी १३९ मध्ये ०.८-०.९ व्होल्ट खर्च होतील, उरतील पाचेक, बल्बला तेवढेच हवेत. बल्बच्या पितळी गळ्यावर छापलेला प्रवाह ०.३ च्या जवळ आहे ना ते बघून घ्या, ०.५ चा बल्ब पूर्ण उजळणार नाही.

बीडी १३९ चे पाय वेगळे आहेत: छापलेली बाजू आपल्याकडे धरून डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. कलेक्टर मधे. बीसी ५४७ च्या सवयीने मधला पाय बेस समजलात की पुन्हा नवा धागा काढावा लागेल :)

बल्बाला सिरीज रेझिस्टर नको.

---

पक्कड

आणि कुणाच्या डोक्यात २३० चा बल्ब असेल तर तो ब्रेडबोर्डवर नाही म्हणजे नाही. रिले (कॉइलने चालणारा स्विच) घ्या. १२ व्होल्टचा छोटा चौकोनी, कॉइल ४०० ओहमची, म्हणजे ३० मिलिअँपिअर, बीसी ५४७ ला झेपतो. कॉइलला समांतर १एन४००७, पांढऱ्या पट्टीची बाजू प्लसला. हा डायोड विसरलात तर रिले सुटताना कॉइलचा झटका ट्रान्झिस्टर खातो. २३० ची बाजू बंद डब्यात, आणि ती जोडणारा माणूस जाणकार हवा.

---

शेवटची तार

मीटरच नसेल त्यांच्यासाठी क्रम लिहून ठेवतो, कारण काजवा यांनी केलेली कलेक्टर-एमिटरची चाचणी योग्यच होती, फक्त ती तिसरी करायची असते.

१. ४७० ओहम + एलईडी थेट क्लिपच्या दोन तारांना. लागला नाही: एलईडी, रेझिस्टर, बॅटरी किंवा क्लिप. क्लिपची तार बटणाच्या आत तुटलेली असते, बाहेरून दिसत नाही, हलवून बघा.
२. बोर्डावर परत लावून कलेक्टरपासून तार थेट क्लिपच्या काळ्या टोकाला. लागला नाही: लाल रेल किंवा एलईडीची ओळ. एकाच ओळीतल्या पाच छिद्रांत एलईडीचे दोन्ही पाय खोचले असले तरी हेच होतं.
३. कलेक्टर ते एमिटर. दोनवर लागला, तीनवर नाही: एमिटरची वाट तुटली. याच धाग्यातला दोष.
४. तार काढून लाल रेल ते बेस १० के. तीनवर लागला, चारवर नाही: ट्रान्झिस्टर मेला किंवा पीएनपी आहे.
५. १० के काढून एलडीआरचा एक पाय उपटा. आता १०० के वर एलईडी लागला पाहिजे. लागला, आणि एलडीआर परत लावून झाकल्यावर विझला, तर उजेड कुठूनतरी शिरतोय किंवा एलडीआरचे पाय मागे एकमेकांना टेकलेत.

---

काजवा

डार्लिंग्टन केली, एलडीआरला काळ्या पेनाचं टोपण. ट्यूबखाली बेस १.०, दिवा पूर्ण बंद. झाकून १.३, कलेक्टर ०.७५, एलईडी स्थिर. ४७० के चा प्रीसेट मिळाला नाही, १०० के च ठेवलाय.

आता झिरो पीसीबीवर (नुसत्या छिद्रांच्या बोर्डावर) सोल्डर करायचंय. काही वेगळं बघायचं?

---

चौथी पट्टी

झिरो पीसीबीवर छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतात, ब्रेडबोर्डच्या सवयीने शेजारी खोचून मोकळे होऊ नका. निगेटिव्हची एकच जाड उघडी तार खालून आडवी टाका आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा एमिटर, एलडीआर, बॅटरी तिन्ही तिलाच. ट्रान्झिस्टरचे पाय तापवताना एका वेळी तीन सेकंदांच्या वर नको. सोल्डरचा थेंब गोळ्यासारखा बसला असेल तर तो पायाला चिकटलेला नाही. चांगला सांधा पायावर उतरत्या टेकडीसारखा दिसतो.

बॅटरी लावायच्या आधी प्लस-निगेटिव्हमध्ये कंटिन्यूटी बघा. बीप वाजली तर बॅटरी लावू नका.